प्रोजेक्टच्या व्हिडिओत चित्र चांगलं, पण आवाज बिघडलेला: माईक विकत घेण्याआधी काय काय तपासायचं

मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असतो. सबमिशनचा आठवडा आला की पोरं पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभी. विषय नाना प्रकारचे. कुणी स्विचबोर्डची जोडणी दाखवलेली असते, कुणी अपूर्णांकांची बेरीज, कुणी उखळात शेंगाचटणी कुटलेली. तक्रार बहुतेक वेळा एकच: "सर, शूटिंग एक नंबर झालंय, आवाजाचं तेवढं बघा की."

उजेड थोडा कमी पडला, चित्र जरा हललं तरी शिकवण्याचा व्हिडिओ चालून जातो. शब्द कळले नाहीत तर बघणारा पहिल्याच मिनिटात बंद करतो. म्हणून आवाजाच्या तक्रारी आणि त्यांची कारणं एका जागी लिहून ठेवतोय. क्रम स्वस्तापासून महागाकडे आहे. मधल्या पायऱ्या गाळून थेट खरेदीला जाऊ नका.

आधी लक्षण ओळखा

"आवाज खराब येतोय" एवढ्यावरून काही कळत नाही. कसा खराब येतोय ते सांगा.

आवाज घुमतो, विहिरीत उभं राहून बोलल्यासारखा येतो. किंवा फार बारीक येतो आणि वाढवला की मागचा सूंऽऽ पण तेवढाच वाढतो. ही दोन्ही लक्षणं अंतराची आणि खोलीची आहेत. लॅबमध्ये येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त भरणा यांचाच.

मोठ्यानं बोललं की आवाज फाटतो, 'प', 'फ', 'भ' आला की फूत्कार होतो: माईक तोंडाच्या अगदी समोर आहे. मागं एकसारखी गुणगुण आहे: चार्जर किंवा अर्थिंग. मधूनमधून धप्प धप्प: स्टँड ज्या टेबलावर ठेवलाय त्याच टेबलावर तुम्ही काम करताय.

आवाज पातळ, टेलिफोनवरून बोलल्यागत, शब्दांची शेवटची अक्षरं गिळलेली: बहुधा ब्लूटूथ. आवाज एकाच कानात येतो. किंवा हेडफोनवर ठणठणीत आणि मोबाईलच्या स्पीकरवर गायब. हे दोन्ही पिनेचे घोटाळे, एडिटिंगमध्ये सुटतात. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, तर त्यात दोन प्रकार आहेत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक, आणि सुरुवातीला बरोबर पण पुढं पुढं वाढत जाणारा फरक. दोन्हींचा उपाय वेगळा, त्यामुळं हे नीट बघून घ्या.

पहिली तपासणी: बिघाड फाइलमध्ये आहे की ऐकण्यात

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. ब्लूटूथचे इअरबड काढून ठेवा. त्यांच्यात आवाज थोडा उशिरा पोचतो. व्हिडिओ बघायचं अॅप तो उशीर सांभाळून घेतं, एडिटिंगचं अॅप बऱ्याचदा घेत नाही. मग पोरगं बरोबर असलेला आवाज पुढं-मागं सरकवत बसतं आणि खरोखरच बिघडवून ठेवतं. वायरचा इअरफोन लावा, नाहीतर फोनच्या स्पीकरवर ऐका.

मग गॅलरीतली मूळ क्लिप ऐका. एडिट केलेली नव्हे, व्हॉट्सअॅपवर मैत्रिणीनं पाठवलेली तर नव्हेच. मूळ क्लिप चांगली असेल तर माईक, खोली, पंखा या सगळ्यांची सुटका झाली. घोटाळा एडिटिंगमध्ये किंवा पाठवण्यात आहे. मूळच खराब असेल तर एडिटिंगमध्ये रात्र घालवू नका. या एका तपासणीनं अर्धं काम कमी होतं, म्हणून ती पहिली. आणि ग्रुपमध्ये क्लिप एकमेकांना पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की व्हॉट्सअॅप ती दाबून लहान करतं.

दुसरी: फोनचं भोक

बहुतेक फोनचा मुख्य माईक खाली, चार्जिंगच्या खाचेजवळ असतो, आणि दुसरा वर किंवा मागं कॅमेऱ्याजवळ. फोन आडवा धरला की तळहात नेमका त्या खालच्या भोकावर बसतो. स्टँडचा चिमटाही तिथंच आवळला जातो. जाड कव्हर असेल तर त्याचं भोक माईकच्या भोकाशी जुळतं का बघा. कव्हर काढून दहा सेकंद, कव्हर घालून दहा सेकंद रेकॉर्ड करा; फरक असेल तर कानाला लगेच कळतो.

भोकात धूळ आणि खिशातले तंतू साचतात. कोरड्या, मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं झाडा. पिन घालायची नाही. सिम काढायची पिन माईकच्या भोकात खुपसून आतला पडदा फाडलेले फोन माझ्या टेबलावर आलेले आहेत. भोकं दिसायला सारखीच असतात; सिमचं भोक ट्रेच्या पट्टीवर असतं, एवढं लक्षात ठेवा. तोंडानं फुंकरही मारू नका, ओल आत जाते.

तिसरी: चार्जर काढा, फ्लाइट मोड लावा

वायरचा माईक लावून फोन चार्जिंगला ठेवला की बऱ्याच घरांत गुणगुण येते. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचाच तो आवाज. चार्जर काढल्यावर गेली तर प्रश्न मिटला: आधी चार्ज करा, मग शूट करा. लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर तसंच, चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. फ्लाइट मोडचा उपयोग दुहेरी आहे. वायरमध्ये घुसणारी टर्र टर्र थांबते आणि ऐन भरात आलेला असताना मामाचा फोन येत नाही.

चौथी: अंतर

इथं जरा थांबून वाचा, कारण बहुतेक व्हिडिओ इथंच सुधारतात.

तोंडापासून माईकचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. भिंतींवरून परत येणारा आवाज मात्र खोलीभर तेवढाच राहतो. म्हणजे फोन दोन मीटरवर उभा करून फळ्याजवळ बोललात की माईकला तुमच्यापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. फोन महागाचा घेतला तरी यात बदल होत नाही. अॅपमध्ये आवाज वाढवला तरी नाही, कारण तुमच्याबरोबर खोलीही वाढते.

चित्रासाठी कॅमेरा लांब हवा, आवाजासाठी माईक जवळ हवा. दोन कामं एकाच फोनकडून करून घेण्याचा हट्ट सोडा. घरातला दुसरा कुठलाही फोन, काच तडकलेला का असेना, रेकॉर्डर म्हणून वापरा. चौकटीच्या जरा बाहेर, तोंडापासून वीतभर ते दीड वीत अंतरावर, माईकची बाजू तुमच्याकडं करून ठेवा. अगदी तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला. म्हणजे 'प', 'फ' ची हवा थेट माईकवर आदळत नाही. दोन्ही फोन चालू केल्यावर एक टाळी वाजवा आणि शेवटी आणखी एक. एडिटिंगमध्ये टाळीचं टोक लहरींत स्पष्ट दिसतं, त्यावर दोन्ही आवाज जुळवायचे आणि कॅमेऱ्याच्या फोनचा आवाज बंद करायचा.

दुसरा फोन नसेल तर वायरचा इअरफोन घ्या. त्याच्या वायरवरचा माईक हनुवटीच्या वीतभर खाली, कपड्यांच्या चिमट्यानं कॉलरला अडकवा. ओढणी, मंगळसूत्र, कडक स्टार्चचा शर्ट त्याला घासणार नाही असं बघा. कॅमेऱ्याचं अॅप तो माईक घेतंय का हेही तपासावं लागतं: रेकॉर्डिंग चालू करून माईकवर नखानं टकटक करा आणि ऐका. टकटक जोरात आली तर घेतंय. लांबून आल्यासारखी आली तर अॅप अजून फोनचाच माईक वापरतंय. अशा वेळी 'ओपन कॅमेरा' हे मोफत अॅप घ्या; त्याच्या सेटिंगमध्ये आवाजाचा स्रोत बाहेरचा माईक असा निवडता येतो.

पाचवी: खोली

जुन्या घरांत शहाबादी फरशी, नव्या घरांत टाइल्स, वर स्लॅब, भिंती कोऱ्या. आवाज सगळीकडं आपटून परत येतो. पोरं शूटिंगसाठी घरातली सगळ्यात स्वच्छ, रिकामी खोली निवडतात आणि तीच आवाजाला सगळ्यात वाईट असते. कपाट, गाद्या, पडदे, कपड्यांचा ढीग असलेली अडगळीची खोली निवडा. चौकटीत दिसेल तेवढाच कोपरा आवरा.

आणि आपण सोलापुरात राहतो, घरात चादरी नाहीत असं होणार नाही. जाड सोलापुरी चादर दुहेरी करून कॅमेऱ्याच्या मागं, तुमच्या तोंडासमोरच्या बाजूला दोरीवर टांगा. पाठीमागच्या भिंतीला लावण्यापेक्षा समोर लावलेली जास्त उपयोगी, कारण तुमचा आवाज आधी तिकडं जातो. भिंतीला चिकटवू नका; मधे वीतभर पोकळी सोडली की तीच चादर जास्त आवाज शोषते. खाली सतरंजी अंथरा. टेबलावर बोलत असाल तर टेबलावरही काहीतरी पसरा, कारण टेबलाचा पृष्ठभाग तोंडाच्या अगदी जवळ असतो आणि तिथून आवाज उसळी घेतो.

टॉवेलचा उपयोग धप्प धप्प थांबवायला. मागच्या बॅचमधल्या एका मुलीनं चटणीचा व्हिडिओ केला होता. उखळ आणि फोनचा स्टँड एकाच कट्ट्यावर. प्रत्येक घावाला माईकमध्ये धप्प, आणि त्या धप्पखाली "लसूण आत्ता घालायचा नाही" हे महत्त्वाचं वाक्य गडप. स्टँड वेगळ्या स्टुलावर ठेवला, खाली टर्किश टॉवेलची चौपदरी घडी घातली, उखळाखाली दुसरी. घाव ऐकू येत राहिला, तो यायलाच हवा, पण हादरा गेला. हवेतून येणारा आवाज आणि लाकडा-दगडातून येणारा हादरा या वेगळ्या गोष्टी आहेत. हादऱ्याला माईकवर स्पंजची टोपी लावून काही होत नाही.

चादरीबद्दलचा एक गैरसमज. ती खोलीतलं घुमणं कमी करते. बाहेरून येणारा आवाज अडवत नाही. त्यासाठी वजनदार भिंत आणि फट नसलेलं दार लागतं. तेव्हा खिडकीला चादर लावली तरी रिक्षाचा हॉर्न येतोच कसा, असं विचारू नका.

सहावी: पंखा, माग आणि गड्डा

पंखा बंद करा हे सांगायला सोपं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, बंद खोलीत वर चादर टांगलेली, आणि पोरगं घामानं थबथबलेलं. म्हणून सकाळी सहा-सातला शूट करा आणि दोन-तीन मिनिटांचे तुकडे घ्या. तुकड्यापुरता पंखा बंद, मधे चालू. पंख्याची हवा थेट माईकवर येत असेल तर तो वेगळाच फरफराट असतो. त्याला माईकवरची स्पंजची टोपी लागते.

अशोक चौक, साखर पेठ, कन्ना चौक या भागातल्या पोरांच्या क्लिपमध्ये कापड विणायच्या मागाची खटखट असतेच. पंख्याचा आवाज एकसारखा असतो, त्यामुळं सॉफ्टवेअर तो वजा करू शकतं. मागाचे ठोके तुटक असतात आणि आपल्या 'क', 'ट', 'त' सारखेच कडक असतात. ते काढायला गेलं की ही अक्षरंही झिजतात. त्यामुळं खटखट सॉफ्टवेअरनं जाईल या भरवशावर शूट करू नका. शेजारच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी कधी होते ते विचारा. लाइट जाते तेव्हा माग आणि पंखा दोन्ही एकदम थांबतात. फोन चार्ज असेल आणि खिडकीशी उजेड असेल तर ती वेळ सोन्याची.

संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्डा यात्रा, असते. होम मैदानाच्या जवळपास राहणाऱ्यांनी त्या दिवसांत संध्याकाळी बोलण्याचं रेकॉर्डिंग ठेवूच नये. स्पीकरवरचं गाणं क्लिपमध्ये आलं तर यूट्यूबवर टाकल्यावर कॉपीराइटचा दावाही येऊ शकतो.

यातलं काहीच जमत नसेल तर दोन कामं वेगळी करा. हाताचं काम दिवसा शूट करा, तोंड उघडू नका. रात्री सगळं शांत झाल्यावर गाद्यांच्या खोलीत चित्र बघत बघत बोला. हात दाखवायचे व्हिडिओ असतील तर मी पहिल्यापासून हाच सल्ला देतो. ओठ दिसतच नाहीत, जुळवायचा प्रश्नच नाही.

सातवी: विकतच्या माईकची पिन, सेल, सेटिंग

माईक आधीच घेतला असेल आणि चालत नसेल तर पिन हातात धरून काळ्या रिंगा मोजा. तीन रिंगा असतील तर ती फोनची. दोनच असतील तर कॅमेऱ्याची. ती फोनच्या भोकात बसते पण आवाज जात नाही, जोडणी बदलणारी लहान वायर लागते. नवी पेठेत मोबाईल अॅक्सेसरीच्या दुकानात जाताना माईक बरोबर न्या, नुसतं तोंडी सांगून चुकीची वायर हातात पडते.

लांब वायरच्या कॉलर माईकला मधे एक डबी असते. तिच्यावरचं बटन फोन आणि कॅमेरा यांसाठी वेगवेगळ्या जागी असावं लागतं, आणि आत एलआर ४४ जातीचा बटन सेल असतो. आवाज बारीक झाला की आधी सेल बदला. टाइप-सी चा माईक असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) चालू आहे का बघा; काही फोन थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद करतात. बिनवायरचा असेल तर पाठ फिरवल्यावर आवाज तुटतो का पाहा. माणसाचं शरीर त्या लहरी अडवतं, म्हणून माईक आणि फोन एकमेकांना दिसतील असे ठेवा, वायफायच्या राउटरपासून लांब. ब्लूटूथ इअरबडचा माईक शिकवण्याच्या व्हिडिओला वापरूच नका. तो बोलणं फोन कॉलच्याच दर्जाचं करून ठेवतो.

आठवी: एडिटिंग

एकाच कानात आवाज असेल तर तो ट्रॅक मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असा करा, संपलं. हेडफोनवर येतो आणि फोनच्या स्पीकरवर गायब होतो, त्याचं कारण गमतीचं आहे: चुकीच्या जोडवायरीमुळं डाव्या-उजव्या बाजूच्या लहरी उलट-सुलट झालेल्या असतात आणि एका स्पीकरवर एकत्र आल्या की एकमेकींना खातात. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ (डावी-उजवी बाजू वेगळी असलेला) ट्रॅक दोन भागांत तोडा, एक पुसून टाका, उरलेला मोनो ठेवा.

सारखाच फरक असेल तर टाळीवर जुळवून आवाज सरकवा. वाढत जाणारा फरक सरकवून जात नाही. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, घेतो असं आपण धरून चालतो, पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो संख्या कमी-जास्त करतो. आवाज आपल्या गतीनं चालत राहतो. काही एडिटिंग सॉफ्टवेअर हा फरक सांभाळत नाहीत. त्यावर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर: व्हिडिओच्या टॅबमध्ये ३० फ्रेम आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, फाइल बदलून घ्या, मग एडिटिंगला बसा. एडिट झाल्यावर हे करून उपयोग नाही. दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड केलेल्या आवाजातही लांब क्लिपला किंचित फरक पडतो. दोन-तीन मिनिटांचे तुकडे घेतले असतील तर तो जाणवत नाही.

पंख्याचा सूंऽऽ काढायचा असेल तर शूटिंगच्या वेळी दहा सेकंद कुणीही न बोलता खोली रेकॉर्ड केलेली हवी. ऑडॅसिटीत तो तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन' ला नमुना द्या, मग सगळ्या ट्रॅकवर लावा. ६ डेसिबलपासून सुरुवात करा आणि १२ च्या पुढं जाऊ नका; पुढं गेलं की माणूस पाण्यात बुडून बोलल्यासारखा वाटतो. थोडा सूंऽऽ राहिला तर राहू द्या. पार्श्वसंगीत मात्र राहू देऊ नका. शिकवताना मागं बासरी वाजायचं काही कारण नाही.

कुठं थांबायचं

फाटलेला आवाज. लहरींची टोकं वर-खाली सपाट कापलेली दिसत असतील तर ती माहिती फाइलमध्ये उरलेलीच नाही. दुरुस्तीच्या अॅपनं थोडा मऊ होतो, पण नीट होत नाही. तेवढाच भाग पुन्हा बोलून रेकॉर्ड करा. पैसे घेऊन करून देतो म्हणणाऱ्याकडं आधी एका मिनिटाचा नमुना मागा.

फोनचा माईक. कव्हर काढलं, ब्रश मारला, फोन बंद-चालू केला, तरी व्हॉइस रेकॉर्डर, कॉल आणि कॅमेरा तिन्हींत आवाज येत नसेल तर आतला भाग गेलाय. वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या, बाहेर उघडलात की वॉरंटी अडचणीत येते. नसेल तर माहितीतल्या मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडं. भिजलेला फोन तांदळात ठेवून वाट बघू नका, बंद करून लगेच न्या.

अर्थिंग. हे सगळ्यात महत्त्वाचं. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर गुणगुण बदलते किंवा थांबते, बोटांना झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर लुकलुकतो, अशी लक्षणं असतील तर प्रश्न आवाजाचा राहिलेला नाही. थ्री पिनचा प्लग टू पिनच्या जोडणीत घातलाय का एवढंच बघा आणि घातला असेल तर काढा. त्यानंतरही तसंच असेल तर बोर्ड उघडायचा नाही, पिन तोडायची नाही, युक्त्या करायच्या नाहीत. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, घरच्यांना सांगा, लायसनवाला वायरमन बोलवा. स्विचबोर्डचा प्रोजेक्ट करणाऱ्यांनीही. शिकलेलं असलं तरी घरच्या चालू लाइनवर हात चालवायचा नाही.

आणि वेळ. दोन संध्याकाळी घालवूनही ओठ-आवाज जुळत नसेल, किंवा उद्याच सबमिशन असेल, तर एडिटिंग येणाऱ्या कुणाकडं तरी सोपवा. जाताना पेन ड्राइव्हमध्ये मूळ क्लिप, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज आणि रिकाम्या खोलीचे ते दहा सेकंद असू द्या. नुसती एडिट झालेली एकच फाइल घेऊन गेलात तर समोरच्याच्या हातात करण्यासारखं फारसं काही नसतं. फोनमध्ये जागा कमी पडते म्हणून मूळ क्लिप उडवणारे दरवर्षी भेटतात. मार्क लागेपर्यंत त्या ठेवा.